जाहिरात आणि रसविचार

छत्तीस वर्षें मुलांना रसप्रक्रिया शिकविलेल्या मनुष्यानें औषधाच्या एका बाटलीपायीं फसावें, ही गोष्ट खरें पाहतां चारचौघांत सांगण्यासारखी नाहीं. परंतु तींत वाचकांच्या उपयोगाचें कांहीं आहे असें वाटल्यावरून संकोच सोडून सांगतों.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्याकडे सर्व मंडळी दूरचित्रवाणी पाहत बसतात. एके दिवशीं स्मरणशक्तीच्या एका औषधाची जाहिरात लागली. शाळेचा बक्षीससमारंभ, टाळ्यांचा कडकडाट, आणि शेवटच्या रांगेंत मान खालीं घालून बसलेला एक मुलगा. त्याची आई त्याच्याकडे नुसती पाहते; बोलत कांहींच नाहीं. माझे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशीं मीं ती बाटली विकत आणली. आमचा नातू पांचवींत आहे. अभ्यासांत चांगला आहे. त्यानें बाटलीवरचा मजकूर वाचला आणि विचारलें, “आजोबा, माझी स्मरणशक्ति कमी आहे का?”

मला उत्तर सुचेना.

विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रसाची निष्पत्ति होते, असें भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत सांगितलें आहे. त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या मीं ती जाहिरात या सूत्राला लावून पाहिली. आई हा भावाचा आश्रय, मूल हें आलंबन, टाळ्यांचा गजर व खालीं गेलेली मान हीं उद्दीपनें, मातेची ओली नजर हा अनुभाव, आणि चिंता हा व्यभिचारी भाव. अर्ध्या मिनिटांत सर्व सामग्री सिद्ध! भरतांनीं रस आठच गणले. वात्सल्याला रसाची पदवी साहित्यदर्पणकार विश्वनाथानें दिली. जाहिरातदारानें मात्र त्याला अग्रपूजेचा मान दिलेला दिसतो.

मग नाटकांत आणि जाहिरातींत भेद तो कोणता? १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें. शकुंतलेला सासरीं पाठवितांना कण्वाचा कंठ दाटतो, तेव्हां ज्याला मुलगी नाहीं असा प्रेक्षकहि गहिंवरतो. तें दुःख माझें नव्हे आणि परक्याचेंहि नव्हे. तें सर्वांचें होतें. यालाच आपले शास्त्रकार साधारणीकरण म्हणतात. म्हणूनच तें दुःख असूनहि त्याचा आस्वाद घेतां येतो. तिकिटाचे पैसे आधींच दिलेले असतात. बाहेर पडतांना कोणी पुन्हां हात पसरीत नाहीं.

जाहिरात ही क्रिया उलट करते. सर्वांचा भाव ती प्रथम जागा करते आणि शेवटच्या क्षणीं हलकेच म्हणते, “हें मूल तुमचें आहे.” तेंहि उघड शब्दांत नव्हे. ‘औषध घ्या’ हा वाच्यार्थ. ‘न घ्याल तर तुमची माया उणी’ हा व्यंग्यार्थ. व्यंजनेचें इतकें सामर्थ्य मीं वर्गांत कधींच दाखवूं शकलों नव्हतों.

ही विद्या आजची नव्हे. राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला आणि त्यांचीं चित्रें घरोघर पोहोंचलीं. पुढें देवादिकांच्या अशा चित्रांखालीं साबणांचीं व औषधांचीं नांवें छापलेल्या दिनदर्शिका भिंतींवर आल्या. भक्तीच्या छायेखालीं माल घरांत शिरला. १९४१ सालीं लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातींत दिसल्या. तेथें सौंदर्याची अभिलाषा कामाला लागली. १९८० नंतरच्या दशकांत ‘सर्फ’च्या ललिताजी हिशेब मांडून बोलूं लागल्या. ही निव्वळ बुद्धीची भाषा असें वाटे. पण तिच्याहि बुडाशीं चोख संसार करणाऱ्या गृहिणीचा अभिमान होताच.

तथापि सर्वच जाहिराती त्याज्य, असें माझें म्हणणें नाहीं. १९६६ सालापासून ‘अमूल’ची ठिपक्यांच्या झग्यांतील मुलगी चालू घडामोडींवर विनोद करते. लोणी न घेतांहि तो विनोद मनसोक्त हसून भोगतां येतो. जाहिरात तेथें कलेच्या बरीच जवळ येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड बसूं शकतो. खोटा दावा अशा रीतीनें पकडतां येतो. परंतु मातेचें वात्सल्य ही खोटी गोष्ट नव्हे. तें हलवून सोडणें हा गुन्हा ठरत नाहीं. तेथील पहारा घरांतल्या वडील माणसांनींच केला पाहिजे. कारण बाटलीबरोबर घरांत शंकाहि येते, आणि ती शंका लहान मुलाच्या मनांत घर करते.

म्हणून आम्ही घरीं एक नेम धरला आहे. जाहिरात पाहून मन हेलावलें, कीं तीन प्रश्न विचारावयाचे: कोणता भाव जागा झाला? कशानें झाला? आणि त्याच्या मोबदल्यांत कोण काय मागत आहे? मुलांना हा खेळ फार आवडतो. सूनबाईहि त्यांत भाग घेतात.

नातवाला उत्तर मात्र मीं दुसऱ्या दिवशीं सकाळींच दिलें होतें. त्याला जवळ बसवून म्हटलें, “बाळ, तुझी स्मरणशक्ति उत्तम आहे. त्या रात्रीं कमी पडला तो आजोबांचा विवेक.” त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हटलें, “मग ही बाटली तुम्हीच घ्या.”

बाटली न उघडतां फडताळांत ठेवली आहे. ती दिसली कीं मला माझा धडा आठवतो.