बांधी, ले-आऊट आणि उपग्रह: शहरवाढीच्या नकाशांबद्दलचे गैरसमज

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना राष्ट्रीय महामार्ग 930 वर सावली लागते. पुढे व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली. या पट्ट्यात रस्त्याकडेच्या धानाच्या बांध्यांमध्ये ले-आऊट पडतात. आधी मुरमाचा रस्ता आणि सिमेंटचे खांब येतात, मग दोन-चार घरं उभी राहतात. ही वाढ उपग्रहाच्या चित्रांवरून मोजता येते आणि ती पुढे कुठे सरकेल याचा अंदाजही संगणकावर बांधता येतो. पण या तंत्राबद्दल बरेच गैरसमज आहेत. जंगलाला खेटून असलेल्या तालुक्यात त्यांची किंमत मोठी मोजावी लागते.

गैरसमज: हा मोठ्या शहरांचा विषय आहे.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. लँडसॅट 5 हा उपग्रह 1984 मध्ये सोडला गेला. म्हणजे तालुक्याचं एक गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 54 हजार वस्तीचं शहर म्हणून नोंदलं गेलं, तो जवळजवळ सगळा प्रवास आकाशातून टिपलेला आहे. ही जुनी चित्रं 2008 पासून कुणालाही मोफत मिळतात. क्यूजीआयएस हे नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही नागपुरातच आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की या तंत्राची खरी गरज सावलीसारख्या गावांना आहे. मोठ्या शहराच्या चुका काँक्रीटमध्ये घट्ट झालेल्या असतात. इथे अजून जागा मोकळी आहे.

गैरसमज: उपग्रह खोटं बोलत नाही, त्यामुळे नकाशा बरोबरच असणार.

उपग्रह घर पाहत नाही, तो परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन 30 मीटर बाय 30 मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांचा असतो. 2015 पासून आलेल्या सेंटिनेल-2 चा चौकोन 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरलेलं आहे. अशी चार घरकुलं त्या एका चौकोनात मावतात. चौकोनात अर्धं घर आणि अर्धी परसबाग असली की संगणकाने त्याला काय म्हणायचं, इथूनच गोंधळ सुरू होतो.

धानाच्या मुलखात हा गोंधळ आणखी वाढतो. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी साचलेलं असतं, तेव्हा उपग्रहाला ती बोडीसारखी दिसते. भाद्रपदात तीच बांधी हिरवीगार होते. कापणीनंतर माती उघडी पडते आणि एप्रिल-मे महिन्यात तापलेली कोरडी बांधी इतकी चकाकते की संगणक तिला सहज बांधकाम समजतो. जुन्या वस्तीत नेमकं उलटं घडतं. मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर यांचा प्रकाश आजूबाजूच्या जमिनीच्या प्रकाशाशी मिळताजुळता असतो, वरून चिंचेची, आंब्याची सावली पडलेली असते. मग खरं गावठाण नकाशातून गळतं आणि रिकामं शेत शहर होऊन बसतं. चंद्रपूरकडे कोळशाच्या खुल्या खाणींचे मातीचे ढिगारे हीच फसगत करतात.

म्हणून एका वर्षाचं नोव्हेंबरचं चित्र दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्याच्या चित्राशी ताडून ‘शहर एवढं वाढलं’ असं सांगणारा नकाशा खुशाल बाजूला ठेवावा. भरवशाचा अभ्यास एकाच वर्षातली अनेक महिन्यांची चित्रं घेतो. शेताचा रंग ऋतूप्रमाणे पालटतो, स्लॅबचा पालटत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे साधी चित्रं मिळत नाहीत, तेव्हा सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. एवढं करूनही काही ठिपके निवडून प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावंच लागतं.

गैरसमज: नकाशावर हिरवं ते जंगल, उजाड ती मोकळी जमीन.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडोऱ्याची दाटी 10 टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन ठरतं. मालकी कुणाची, झाडं कसली, हे त्यात पाहिलं जात नाही. उलट पूर्व विदर्भात महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ असलेल्या कितीतरी जमिनी वरून माळरानासारख्या दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात या जमिनी वनजमिनीच मानल्या. अभ्यासकाने तलाठ्याकडची नोंद न पाहता चित्रावरूनच ‘इथे वाढीला वाव आहे’ असं दाखवलं, तर तो वाघाच्या वाटेवरही प्लॉट पाडेल. वाढ रोखणाऱ्या जागांचा थर उपग्रहाच्या चित्रातून आपोआप निघत नाही. तो कागदपत्रांतून आणि गावकऱ्यांच्या माहितीतून बसवावा लागतो. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि त्यांत पाणी आणणारे नालेही या थरातच आले.

गैरसमज: संगणक पुढचं शहर सांगतो.

वॉल्डो टोबलर या भूगोलज्ञाने 1970 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसराची वाढ संगणकावर चालवून दाखवली. पुढे 1990 च्या दशकात कीथ क्लार्क यांनी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरासाठी ‘स्ल्यूथ’ हे मॉडेल विकसित केलं. उतार, जमिनीचा वापर, वगळलेल्या जागा, जुनी वस्ती आणि रस्ते असे थर त्यात भरतात. मग प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांकडे पाहून ‘मी शेत राहू की वस्ती होऊ’ हे संभाव्यतेने ठरवतो. रस्त्याची ओढ किती, उताराचा अडथळा किती, हे आकडे आधी जुन्या चित्रांवरून जुळवून घेतात. याचा अर्थ मॉडेलला फक्त कालची सवय ठाऊक असते. नवा रेल्वेमार्ग किंवा लोखंडाचा कारखाना येणार असेल, तर ते माणसानेच सांगावं लागतं.

त्यामुळे मॉडेलला ‘काय होईल’ याऐवजी ‘असं केलं तर काय होईल’ हे विचारावं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटल्यावर वैनगंगेचा पूर किती आत शिरला होता, हे या भागाने पाहिलं आहे. तेवढा पट्टा वगळला तर घरं कुठे सरकतील आणि न वगळता किती घरं त्या पाण्यात उभी राहतील, ही तुलना करायला मॉडेल उत्तम आहे.

गैरसमज: 97 टक्के अचूक, म्हणजे चोख.

हा सगळ्यांत फसवा आकडा. समजा, तालुक्याचे 10,000 चौकोन आहेत आणि दहा वर्षांत त्यांतल्या 200 चौकोनांत नवी घरं झाली. मॉडेलनेही 200 सांगितले, पण बरोबर ठरले फक्त 60. म्हणजे 140 हुकले आणि 140 उगाच सांगितले. एकूण चुका 280, अचूकता 97.2 टक्के. आता ‘काहीच बदलणार नाही’ असं म्हणणाऱ्याच्या चुका 200 होतात आणि त्याची अचूकता भरते 98 टक्के! जिथे बहुतेक जमीन शेत किंवा रान म्हणूनच राहते, तिथे हे असंच होणार. खरी कसोटी फक्त बदलाची लावायची: बरोबर आलेले 60, भागिले बरोबर, हुकलेले आणि उगाच सांगितलेले मिळून 340. उत्तर 18 टक्क्यांच्याही खाली येतं. तरीही असं मॉडेल निरुपयोगी नसतं, कारण कुठल्या दिशेला दाब आहे हे ते दाखवू शकतं. पण त्याच्या भरवशावर एखाद्याच्या शेतावर आरक्षण टाकता येणार नाही.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी नकाशासमोर उभं राहून तीन गोष्टी लेखी विचारा: चित्रं कोणत्या महिन्यांची आहेत, झुडपी जंगल, नाले आणि पूरपट्टा वगळला आहे का, आणि तपासायला जागेवर कोण गेलं होतं.