विश्लेषण : बिघाडाचे खरे कारण मध्येच का हरवते? ‘गिट’मध्ये एरर कोड कसे जपले जातात?

बोरी बुद्रुकमध्ये कुकडीकाठच्या शेतात पंप अचानक बंद पडला, तर शेतकरी आधी पॅनेलवरचा दिवा पाहतो. पाणी संपले, एक फेज गेला की मोटारीवर भार आला, यावर पुढचे काम ठरते. पण त्याआधीच कुणी रीसेटचे बटण दाबले, तर कारण पुसले जाते आणि उरतो तो केवळ अंदाज. जगभरातील प्रोग्रामर रोज वापरतात त्या ‘गिट’ या सॉफ्टवेअरलाही याच अडचणीला तोंड द्यावे लागते.

गिट म्हणजे काय?

प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणारे हे ‘व्हर्जन कंट्रोल’ सॉफ्टवेअर. तलाठ्याकडील फेरफार नोंदवहीप्रमाणे कुणी, केव्हा, काय बदलले हे त्यात सापडते. शिवाय जुनी आवृत्ती परत मिळवता येते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केले. त्याचा गाभा प्रामुख्याने ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे.

चुकीचे कारण कुठे नोंदले जाते?

सी भाषेत फाइल उघडणे फसले, की फंक्शन उणे १ परत देते. याचा अर्थ ‘जमले नाही’ एवढाच. का जमले नाही, ते ‘एरनो’ नावाच्या जागेत आकड्याने लिहिले जाते. लिनक्सवर २ म्हणजे फाइलच नाही, १३ म्हणजे परवानगी नाही आणि २८ म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही.

मग अडचण कोणती?

ही जागा एकच असते. समजा, फाइल लिहिताना डिस्क भरली आणि २८ नोंदला गेला. प्रोग्राम आधी अर्धवट फाइल बंद करतो, ती काढून टाकतो आणि मगच संदेश दाखवतो. या आवराआवरीत दुसरे काही फसले, तर २८च्या जागी वेगळाच आकडा येतो. डिस्क भरलेली असताना वापरकर्त्याला ‘फाइल सापडत नाही’ असे दिसते आणि तो भलतीकडेच शोधत बसतो.

प्रश्न फक्त संदेशाचा आहे का?

नाही. गिट स्वतःही या आकड्यावरून निर्णय घेते. एखाद्या ब्रँचची स्वतंत्र फाइल नसेल, तर २ हा आकडा पाहून ते ‘पॅक्ड-रेफ्स’ या एकत्रित फाइलमध्ये शोध घेते. तिथली नोंद जुनी असू शकते. त्यामुळे १३च्या जागी चुकून २ आला, तर ताजी नोंद जागेवर असूनही जुनीच खरी धरली जाण्याचा धोका असतो.

उपाय काय?

साधा उपाय असा : आवराआवरीपूर्वी आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि काम आटोपल्यावर एरनोमध्ये परत लिहायचा. गिटच्या कोडमध्ये ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. २०२१ मध्ये ब्रँचच्या नोंदी वाचणाऱ्या भागात त्यापुढचे पाऊल टाकले गेले. सामायिक एरनोवर विसंबण्याऐवजी अपयशाचे कारण वेगळ्या पॅरामीटरमधून थेट देण्याची सोय झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘जीएनयू सी लायब्ररी’च्या २.३३ आवृत्तीत मेमरी मोकळी करणारे ‘फ्री’ हे फंक्शन एरनोला धक्का लावणार नाही, अशी व्यवस्था झाली. २०२४ च्या ‘पोसिक्स’ मानकानेही तीच अट घातली.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

फोनवर ‘काहीतरी चुकले’ असा संदेश आला, की बोट लगेच ‘पुन्हा प्रयत्न करा’कडे जाते. त्याआधी संदेशात कोड दिसत असेल, तर स्क्रीनशॉट घ्यावा. दुरुस्त करणाऱ्याला तोच पहिला धागा असतो. पंपाचे असो वा ॲपचे, आधी कारण पाहावे, रीसेट नंतर करावे.