असईचं नाव घेतलेली युद्धनौका

नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून समुद्र बराच लांब. तरी एकोणिसाव्या शतकातल्या एका लाकडी युद्धनौकेच्या नावाचा उगम शोधायला या तटापाशीच यावं लागतं. १२ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला घेतला आणि इथून पुढच्या मोहिमेची सोय लावली. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ त्याने मराठी फौजेचा पराभव केला. पुढे पन्नास वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत बांधलेल्या नौकेला ‘असई’ हे नाव दिलं. १८५४ साली ती पाण्यात उतरली, त्याच वर्षी तिची जुळी बहीण ‘पंजाब’ही उतरली. पंजाब खालसा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. नावं जेत्यांची होती, पण कारागिरी मुंबईची होती.

मुंबईच्या गोदीत तेव्हा मुख्य बांधणीकार होते कर्सेटजी रुस्तमजी वाडिया. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून इथे आले आणि तेव्हापासून ही विद्या घरात मुरत गेली. लाकूड मलबारच्या सागाचं. विलायती ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातलं तेल उलट त्यांना जपतं. म्हणून सागवानी जहाजं दीर्घायुषी ठरत.

वाफेचं तंत्रही मुंबईला नवं नव्हतं. इथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० मध्ये वाफेवर सुएझपर्यंत गेली होती. ‘असई’च्या दोन्ही अंगांना मोठी चाकं होती, इंजिन ती फिरवी आणि नौका पाणी कापत पुढे जाई. वारा नसला तरी तिचं अडत नसे. पण कोळसा महाग, शिवाय साठवायला जागा फार लागे, म्हणून डोलकाठ्या आणि शिडंही होतीच. मोठी उणीव म्हणजे ती चाकं उघडी असत. एक तोफगोळा लागला की नौका लंगडी, आणि चाकांनी अडवलेल्या जागेत तोफाही मांडता येत नसत.

१८५६-५७ च्या इराण मोहिमेत ‘असई’ने बुशहर आणि मोहम्मरा इथे तोफा डागल्या. ‘पंजाब’चे खलाशी १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये ढाक्याला उठावातल्या शिपायांविरुद्ध लढले. तिचा तरुण अधिकारी आर्थर मेयो याला त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबईच्या सागाचा असा वापर इथल्याच माणसांविरुद्ध झाला, हेही नोंदवायला हवं.

मग काळ झपाट्याने पालटला. फ्रान्सने १८५९ मध्ये आणि ब्रिटनने १८६० मध्ये लोखंडी कवचाच्या युद्धनौका समुद्रात उतरवल्या. चाकांची जागा पाण्याखालच्या पंख्याने घेतली. १८६३ मध्ये कंपनीच्या काळापासूनचं हिंदी आरमारच मोडीत निघालं. दोन्ही बहिणी लंडनचे जहाजमालक जॉन विलिस यांनी विकत घेतल्या. ‘असई’ त्यांनी लगेच विकली. ‘पंजाब’ची इंजिनं काढून तिला निव्वळ शिडाचं जहाज केलं आणि ‘द ट्वीड’ हे नाव दिलं. १८६४ मध्ये इराणच्या आखातात तारायंत्राची केबल टाकली गेली, त्या कामात या दोघी पुन्हा एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी ‘असई’ आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली.

इंजिन उतरल्यावर ‘द ट्वीड’च्या बांधणीचं खरं तेज दिसलं. तिच्या वेगाचा दबदबा झाला. विलिस यांनी १८६९ मध्ये बांधून घेतलेल्या ‘कटी सार्क’ या जहाजाच्या घडणीवर ‘द ट्वीड’ची छाप होती. खुद्द ‘द ट्वीड’ १८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ नष्ट झाली.

वाफेचं यंत्र दहा वर्षांत जुनं झालं, पण सांगाडा आणखी पाव शतक समुद्र कापत राहिला. त्या नौकांच्या इतिहासात सेनापती आणि मालकांची नावं ठळक आहेत. ज्यांनी साग तासला, सांधे बसवले ते सुतार मात्र निनावी राहिले. ग्रीनिचला आज ‘कटी सार्क’ पाहायला जगभरातून माणसं येतात. तिच्या घडणीत मुंबईच्या गोदीतल्या हातांचाही वाटा आहे आणि तो मान त्यांना द्यायलाच हवा.