साडेबारा टक्के म्हणजे नेमकं काय? गोष्ट दिबांची

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप.

मी कामोठ्यात राहतो. इथे फ्लॅट बघायला गेलात की एजंट हमखास सांगतो, "प्लॉट साडेबारा टक्क्यांचा आहे." हे साडेबारा टक्के आले कुठून? त्यासाठी एका वकिलाची गोष्ट ऐकावी लागेल.

दिनकर बाळू पाटील, म्हणजे आपले दिबा. जन्म १३ जानेवारी १९२६, उरण तालुक्यातल्या जासईचा. वकील झाले, शेतकरी कामगार पक्षातून राजकारणात उतरले. पनवेलचे पाच वेळा आमदार, कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, दोनदा खासदार. विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

१९७० मध्ये सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. कायदा १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला. त्याचा हिशोब सरळ होता: आजचा भाव घ्या आणि निघा. पण उद्या इथे शहर झालं की त्याच जमिनीला सोन्याचा भाव येणार, त्यात शेतकऱ्याला काय? दिबांचा मुद्दा हाच. आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर नुसता बोनस नको, कंपनीचे शेअरही द्या!

हे मागणं स्वस्तात पदरात पडलं नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्याच वर्षाच्या शेवटी दिबा पुन्हा खासदार म्हणून निवडून आले.

पुढे १९९० आणि १९९४ च्या सरकारी निर्णयांतून साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. आता गणित बघा. समजा एक हेक्टर जमीन गेली, म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के १,२५०. त्यातले ३० टक्के, म्हणजे ३७५, सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात. हातात येतो ८७५ चौरस मीटरचा विकसित प्लॉट. जमिनीचे पैसे मिळतात ते वेगळेच. बऱ्याच जणांनी असे प्लॉट बिल्डरला दिले आणि त्यावर आपल्यासारख्यांच्या सोसायट्या झाल्या.

२४ जून २०१३ ला दिबा गेले. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून हजारो लोक मानवी साखळी करून रस्त्यावर उभे राहिले, ते का, हे आता कळलं असेल. तुमच्या बिल्डिंगचा प्लॉट कुठल्या योजनेतला आहे? ॲग्रीमेंट काढून बघा आणि कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!