उपग्रहाला पान दिसतं, दाणा नाही

बांधावरून धान पाहून एकरी किती पोती होतील, हे सांगणारे जाणकार गावोगावी आहेत. आता हा अंदाज 786 किलोमीटर उंचीवरच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या छायाचित्रांवरूनही बांधतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून पिकाचा जोम मोजतात. पण तणही हिरवंच! ऐन श्रावणात आभाळ भरलं की हा कॅमेरा आंधळा. आणि लोंबी पोचट निघाली तर पानांवरून काय कळणार?

पंतप्रधान पीक विम्यात 2023 च्या खरिपापासून धानाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन आलं. म्हणूनच शेतकरी बंधूंनो, गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी बाजार राहू द्या, वजनकाट्याजवळ उभे राहा.