श्रद्धा, शंका आणि वाढते वय

पन्नास वर्षे रोजची पूजा न चुकवलेल्या आजी हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी येतात आणि देवघराकडे फिरकतही नाहीत. ‘एवढं केलं, त्याचं हे फळ?’ इतकेच त्या म्हणतात. ‘असं बोलू नये,’ म्हणून घरचे त्यांना गप्प करतात. उलट, कॉलेजात असताना देव नाही म्हणून तावातावाने भांडणारा त्यांचा मुलगा अतिदक्षता विभागाबाहेर नकळत हात जोडून बसलेला असतो. असे चित्र अनेक घरांत दिसते. श्रद्धा एकदा ठरली की कायमची ठरली, असे नसते. वयाबरोबर, अनुभवांबरोबर ती बदलते आणि त्याचा आरोग्याशीही संबंध असतो.

वयानुसार बदल

अमेरिकी अभ्यासक जेम्स फाउलर यांनी अनेकांच्या मुलाखती घेऊन 1981 मध्ये श्रद्धेच्या टप्प्यांची मांडणी केली. लहान मूल गोष्टी आणि चित्रांतून देव ओळखते. किशोरवयात घरच्यांचे, मित्रांचे जे मत तेच आपले असते. तरुणपणी माणूस ते तपासून पाहतो आणि शंका येतात त्या इथेच. चाळिशीनंतर काही जण श्रद्धा आणि शंका दोन्ही बरोबर घेऊन जगायला शिकतात. या मुलाखती प्रामुख्याने अमेरिकेतील ख्रिस्ती आणि ज्यू लोकांच्या होत्या. त्यामुळे ही शिडी सर्वांना जशीच्या तशी लागू होत नाही. मात्र शंका हा बिघाड नसून वाढीचा भाग असू शकतो, हा त्यातील मुद्दा महत्त्वाचा ठरला.

कॅलिफोर्नियात 1920 च्या दशकात जन्मलेल्या काही जणांचा तर म्हातारपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. त्यांचा धर्माकडील ओढा मध्यमवयात थोडा ओसरला आणि उतारवयात पुन्हा काहीसा वाढला. तरीही तरुणपणी जे अधिक धार्मिक होते, तेच बहुधा पुढेही तसे राहिले. म्हणजे देवळात ज्येष्ठांची गर्दी दिसते, त्यामागे केवळ वय नसते. ती पिढी कोणत्या वातावरणात वाढली, हेही असते.

संकटाचा धक्का

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात 22 फेब्रुवारी 2011 रोजी झालेल्या भूकंपात 185 जणांचा मृत्यू झाला. तेथील लोकांच्या धारणांची पाहणी 2009 मध्ये झालेली होती. 2011 मध्ये ती पुन्हा झाली तेव्हा दिसले, की देशात इतरत्र धार्मिकता घटत असताना भूकंपग्रस्तांमध्ये ती वाढली होती. पण श्रद्धा होती म्हणून त्यांना आपली प्रकृती इतरांपेक्षा चांगली वाटत होती, असे आढळले नाही. मात्र भूकंपग्रस्तांपैकी ज्यांची श्रद्धा गेली, त्यांना आपली प्रकृती लक्षणीय ढासळल्यासारखी वाटत होती. देशात इतरत्र श्रद्धा सोडलेल्यांमध्ये असे दिसले नाही. शांतपणे विचार करून देव न मानणे वेगळे आणि संकटात आधारच हातातून निसटणे वेगळे.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांवरील सुमारे 600 रुग्णांचा दोन वर्षे अभ्यास केला. तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘देवाने मला टाकले का’, ‘देवाचे माझ्यावर प्रेम आहे का’ अशा प्रश्नांनी पोखरलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. आजाराची तीव्रता आणि मानसिक स्थिती लक्षात घेऊनही हा फरक उरला. यावरून शंकेने माणूस दगावतो, असे सिद्ध होत नाही. पण अशी मनातली झुंज दीर्घकाळ सुरू राहिली, तर ती त्रासदायक ठरते, असे पुढील अभ्यासातही दिसले.

घरच्यांनी काय करावे?

- रुग्ण देवावर चिडला, तर त्याला गप्प करू नये. राग बोलून दाखवता येणे हाही मोठा आधार असतो.
- ‘मागच्या जन्मीचं पाप’, ‘काहीतरी चुकलं असेल’ अशी वाक्ये टाळावीत. त्यातून आजाराच्या जोडीला अपराधीपणा येतो.
- पूजा, नमाज किंवा प्रार्थनेची सक्ती नको; नव्याने हात जोडू लागलेल्याची थट्टाही नको.
- नवस, उपास किंवा अंगारा यांसाठी औषधे बंद करू नयेत. मधुमेह असल्यास उपासाआधी डॉक्टरांना विचारावे.
- झोप उडणे, भूक मंदावणे, सतत रडू येणे, ‘आता जगून काय करू’ असे बोलणे दोन आठवडे टिकले, तर ते नैराश्य असू शकते. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जीव देण्याची भाषा असेल, तर एक दिवसही थांबू नये.

आजी पुन्हा देवघरात जातील किंवा जाणारही नाहीत. तो निर्णय त्यांचा. तोवर कोणीतरी शेजारी बसून, उत्तर देण्याची घाई न करता त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, हे घरच्यांच्या हातात आहे.