वर्गणी चाहत्यांची, वाट बघणंही त्यांचंच

'बी अँड पपीकॅट' ही माझी फार लाडकी ॲनिमेटेड वेब सिरीज. नोकरी गेलेली बी आणि आभाळातून तिच्या पुढ्यात पडलेला, धड कुत्रा नाही धड मांजर नाही असा पपीकॅट. दोघं परग्रहांवर जाऊन तात्पुरती कामं करतात. पपीकॅटचा आवाज तर माणसाचा नाहीच, व्होकॅलॉइड सॉफ्टवेअरमधला आहे!

नताशा अलेग्रीची ही कल्पना जुलै २०१३ मध्ये यूट्यूबवर आली. त्याच वर्षी पुढच्या भागांसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १८ हजारांहून जास्त चाहत्यांनी ८,७२,१३३ डॉलर जमवून दिले. नवे भाग सुरू व्हायला नोव्हेंबर २०१४ उजाडला आणि तो हंगाम संपला थेट २०१६ मध्ये. एकेक भाग काही मिनिटांचा, मधली प्रतीक्षा मात्र महिनोन्महिने.

पुढचं पर्व, 'लेझी इन स्पेस', सप्टेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलं. १६ भाग, जपानच्या ओएलएम स्टुडिओचं देखणं काम. रंग तर अप्रतिम! पण पहिल्या तीन भागांत जुनीच गोष्ट बदलून पुन्हा सांगितली आहे. ज्या हंगामासाठी लोकांनी पैसे दिले, तोच पुसल्यासारखा वाटतो. अनेक जुने प्रेक्षक यामुळे दुखावले आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. नव्या प्रेक्षकांसाठी कथा सुरुवातीपासून सांगणं समजू शकतं, पण जुन्या भागांतला निवांत, थोडा विस्कळीत गोडवा त्यात हरवला.

पहिल्यांदाच बघणार असाल तर आधी यूट्यूबवरचा जुना हंगाम बघा, मग नेटफ्लिक्सकडे वळा.